पगारबाईंची पंगत

आमच्या ऑफिसात एक पगार महिन्याच्या एक तारखेला यायचा आणि दुसरा रोज सकाळी पावणेदहाला. दुसरा म्हणजे सुमन पगार. हा विनोद आपणच पहिल्यांदा केला असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर कळलं, ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हाच विनोद करतो. पगारबाई दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसायच्या आणि म्हणायच्या, "कापू नका म्हणजे झालं."

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. द्राक्षवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुणाचा प्लॉट कुठला, त्यावर कधी कोणतं औषध फवारलं, लॅबचा रिपोर्ट काय आला, माल कुठल्या कंटेनरमध्ये चढला, हे सगळं एका डेटाबेसमध्ये साठतं आणि त्या डेटाबेसची राखण पगारबाईंकडे होती. कॉटनची साडी, पायात पोरांसारखे स्पोर्ट्स शूज आणि अंबाड्यात खोचलेलं पेन. ते पेन त्या दिवसभर टेबलावर शोधायच्या आणि आम्ही मुद्दाम सांगायचो नाही.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. बोलणं एरवी आमच्यासारखंच, पण राग आला किंवा आनंद झाला की अहिराणी बाहेर पडायची. सर्व्हर बंद पडला, फोन खणखणायला लागले, आमचे मालक दातारसर केबिनमधून धावत आले की आम्ही सगळे एकदम ओरडायला लागायचो. बाई मात्र खुर्ची ओढून शांतपणे विचारायच्या, "काय म्हनी ऱ्हायना तो?" काय म्हणतोय तो? तो म्हणजे सर्व्हर.

आणि तो काय म्हणतोय हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं, हीच तर गंमत! लाल अक्षरांत एरर आला की वाचायच्या आधी बंद करायचा, ही आमची शिकलेल्या लोकांची सवय. पहिल्याच आठवड्यात मी त्यात सापडलो. माझ्या कॉम्प्युटरवरून डेटाबेसला कनेक्शन होईना. मी केबल बदलली, मशीन चारदा बंद करून चालू केलं, इंटरनेटवाल्याला फोन करून त्याच्याशी भांडलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "मॅडम, कनेक्ट होत नाही. काहीतरी एरर येतोय."

"काहीतरी? डॉक्टरकडे जाऊन काहीतरी दुखतंय म्हणतोस का रे भाऊ?"

मग सगळ्या ऑफिससमोर उभं करून त्यांनी मला तो एरर मोठ्याने वाचायला लावला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी वाचताना माझं मलाच दिसलं, की सर्व्हर स्पष्ट सांगतोय, ह्या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही. मी स्वतःच्या नावाच्या शेवटी एक मोकळी जागा टाइप केली होती. दोन दिवस! इंटरनेटवाल्याच्या शिव्या फुकटच्या खाल्ल्या.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "पाहुणा जेवायला निघाला आणि उपाशी परत आला, एवढंच तू सांगतोस. अरे, त्याला घर सापडलं नाही? का घर सापडलं, पण दार कुणी उघडलं नाही? का दार उघडून ‘तुम्ही कोण?’ म्हणून परत पाठवलं? का आत घेतलं, पण पंगत भरलेली होती? चार वेगळी दुखणी आहेत ही. तो बिचारा प्रत्येक वेळी वेगळं वाक्य बोलतो. तुम्ही कान देत नाही."

सगळं जेवणाच्या भाषेत का, तर बाईंच्या आईची खानावळ होती. कॉलेजच्या पोरांसाठी. बाई सहावीत असल्यापासून तिथे वाढायला उभ्या. कॉम्प्युटर नंतर शिकल्या, पण डोक्यात पंगत आधी बसली होती. ऑफिसातही दुपारी डबे उघडले की त्या फेरी मारायच्या, कुणाकडे भाजी कमी आहे, कोण नुसतं बिस्किटावर आहे ते बघायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर एकट्या बसायच्या. आम्ही कितीदा म्हटलं, मॅडम, बसा ना बरोबर. नाव नको.

एकदा दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून, म्हणजे द्राक्षं भरतात तिथून, तक्रार आली. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या क्रेटची नोंद रोज फेल जाते, दुसऱ्यापासून सगळं सुरळीत. तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर भामरे मोठा वस्ताद. त्याने त्यावर तोडगा काढला होता. सुट्टी संपली की एक रिकामा क्रेट मशीनपुढे धरायचा, तो फेल होऊ द्यायचा आणि मग खरा माल सुरू करायचा. त्या रिकाम्या क्रेटला तिथे सगळे ‘नैवेद्य’ म्हणत होते. आणि हसायचं काय, चालत होतं ना!

बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसून दिंडोरीला आल्या. सकाळपासून भामरेच्या शेजारी नुसत्या बसल्या. सुट्टी झाली, माल भरणाऱ्या बायका जेवल्या, भामरे जेवला, शेवटी बाई जेवल्या. सुट्टी संपली आणि भामरेने नैवेद्य दाखवला. फेल! बाईंनी वाकून एरर दोनदा वाचला.

"भामरेभाऊ, तुम्ही पाऊण तास गप्प होता. यजमानाला वाटलं पाहुणा गेला, त्याने ताट उचललं. तुम्हाला पत्ताच नाही. तुम्ही येऊन रिकाम्या पाटावर हात मारताय."

"मग आम्ही जेवायचं नाय का मॅडम?"

"जेवा की बाबा! पण आल्यावर आधी हाक मारायची. ‘आहात ना?’ विचारायचं. उत्तर आलं तर माल सांगायचा, नाही आलं तर परत दार वाजवायचं."

तेवढी हाक मी प्रोग्रॅममध्ये घातली आणि रोग गेला. भामरेने मात्र पुढे आठवडाभर नैवेद्य चालू ठेवला. म्हणे, उगीच कशाला खोड काढा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. एकाच वेळी एवढी माणसं डेटाबेसला भिडत होती की सर्व्हर वारंवार सांगायला लागला, पंगत भरली. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, कनेक्शनं कमी कर. एवढी माणसं एकदम बसवता येत नाहीत." मी ते फारच मनावर घेतलं. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर लॅबचे रिपोर्ट दाखवणारा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. काम भराभर व्हावं म्हणून त्याला मी एकाऐवजी दहा हात दिलेले. ह्या हातांना आमच्यात थ्रेड म्हणतात, दहाही एकाच वेळी राबतात. प्रत्येक हाताचं कनेक्शन वेगळं होतं. मी नऊ बंद केली आणि दहाही हातांना एकाच कनेक्शनवर बसवलं. केवढी काटकसर! पंगत भरल्याची तक्रार त्याच दिवशी बंद झाली. दातारसरांनी पाठ थोपटली आणि मी घरी इंदिरानगरला जाताना पावकिलो जिलबी घेऊन गेलो.

एक नवाच एरर मात्र मधूनमधून यायला लागला. सर्व्हर म्हणत होता, हुकूम ओळीने येत नाहीत, आधीचं संपलेलं नाही. मी तो एकदा अर्धवट वाचला, काय कटकट आहे म्हणालो आणि दोन ओळी लिहून टाकल्या, की हा एरर आला तर कुणाला काही सांगू नकोस, गुपचूप परत प्रयत्न कर. पगारबाईंच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने हे केलं. आजही लिहिताना लाज वाटते.

पंधरा दिवसांनी सकाळी अकराला एक बाई जिना चढून वर आल्या. हातात फोन, काखेत फवारणीची वही. संगीता ढगे, दिंडोरी तालुक्यातल्या. बाग सासऱ्यांची, पण ह्या वर्षी पहिल्यांदा सगळा कारभार त्यांच्याकडे आलेला. माल तोडून पॅकहाऊसमध्ये पोचला होता, कंटेनर संध्याकाळी पाचला बंद होणार होता, आणि रिपोर्टमध्ये एक बंदी असलेलं औषध दिसत होतं. नापास.

"म्या ते औषध फवारलंच नाय," त्या म्हणाल्या. "बाटली घरात आलीच नाय. पण दीर सगळ्या गावात सांगून राहिला, बाईमाणसाला फवारणी कळत नाय, हिच्या हातातून बाग काढून घ्या. माल गेला तं गेला, पर पुढच्या वर्षी मला बागंत कोन पाय ठेवू देनार नाय."

दातारसर वाईट माणूस नाही, पण त्या दिवशी वैतागलेले होते. ते म्हणाले, "ताई, लॅबचा रिपोर्ट आहे तो. नापास झाल्यावर सगळे असंच म्हणतात."

पगारबाई खुर्चीवरून उठल्या. "सर, काय म्हनी ऱ्हायनी ती, ते आधी ऐका!" सर्व्हरसाठी वापरायचं वाक्य त्यांनी माणसासाठी वापरलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी संगीताताईंना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

संगीताताईंनी सांगितलं. सांगता सांगता मध्येच म्हणाल्या, "सकाळी आठला पाहिलं तं नापास. नवाला पाहिलं तं पास. मी देवाला साखर ठेवली. दहाला पाहिलं तं परत नापास. म्हटलं नेटवर्क नसंल."

बाईंचा हात अंबाड्याकडे गेला आणि पेन पहिल्या झटक्यात सापडलं. त्यावरूनच मी समजलो, की आता काहीतरी होणार. त्यांनी माझा प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि स्वतः नवीन कनेक्शन घेऊन डेटाबेसला थेट विचारलं. प्लॉट ढगेताईंचा, रिपोर्ट पास. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा पास.

"भाऊ," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्याकडे जेवणारे किती?"

"दहा."

"आणि ताटं?"

"एक."

"अरे देवा! उष्टं!" बाई कपाळावर हात मारून ओरडल्या. "उष्टं वाढलं रे तू लोकांना!"

एका शब्दात सगळं उमगलं. ताट म्हणजे कनेक्शन. एक हात संगीताताईंचा रिपोर्ट मागायचा, उत्तर ताटात पडायचं, आणि ते उचलायच्या आत दुसरा हात त्याच ताटात आपलं मागायचा. कुणाचं उत्तर कुणी उचललं ह्याला धरबंध नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी नापास रिपोर्ट संगीताताईंच्या नावाखाली दिसत होता.

दातारसर ऐकेनात. "टेस्टिंगमध्ये एकदाही चुकलं नाही!"

"कसं चुकेल सर? टेस्टिंगला हा एकटा जेवत होता."

पॅकहाऊसमधला माल तपासणारा अधिकारीही फोनवर ऐकेना. त्याच्या स्क्रीनवरही माझाच प्रोग्रॅम, तिथे नापास दिसतंय, तोंडी पास तो कसा मानेल? म्हणजे पाचच्या आत रोग दाखवायचाही होता आणि बराही करायचा होता. बाईंनी घड्याळ बघितलं, साडेबारा. त्यांनी पदर खोचला आणि फर्मान सोडलं, "पंगत मांडा."

पंगत! बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही सगळे खरोखर मांडी घालून ओळीत बसलो. दातारसर, अकाउंटवाले, चहावाल्या मावशी, खालच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आणि शेवटी संगीताताई. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येकाला एकेक प्लॉट नंबर. बाई समोर उभ्या. "कुणी आधी उष्टवायचं नाही हं! मी ‘पुंडलिकवरदे’ म्हणेन. तुम्ही ‘हारी विठ्ठल’ म्हणा आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबा."

गावच्या पंगतीत हा गजर झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. सगळ्यांनी अगदी एका क्षणाला सुरुवात करावी, ह्याहून चांगली युक्ती आमच्या धंद्यात मला आजवर दिसलेली नाही.

"बोला, पुंडलिकवरदे!"

"हारी विठ्ठल!"

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी काही नाही. दातारसर खाकरले. तिसऱ्या गजराला सर फोन नाकाशी धरून बघतच राहिले. नंबर त्यांना दिलेला, आणि खाली रिपोर्ट कुणा दुसऱ्याचाच. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माझ्यात पन वेगळंच आलंय." संगीताताई वाकल्या, सरांच्या फोनमधली औषधांची नावं आपल्या वहीशी ताडून बघितली आणि टाळीच वाजवली. "सायेब, माझी द्राक्षं तुमच्या ताटात!"

असा हशा त्या व्हरांड्यात पुन्हा कधी झाला नाही. खालून दाढ काढायला आलेला पेशंट गाल धरून वर बघायला आला.

मी हसलो नाही. मी बाईंना ती दोन ओळींची गोष्ट सांगितली. बाई माझ्यावर एकदाच रागावल्या, ती ही वेळ. आवाज न चढवता रागावल्या, म्हणून जास्त लागलं. "पंधरा दिवस तो बोंबलून सांगतोय, आधीचं ताट संपलेलं नाही. आणि तू त्याचं तोंड दाबलंस? न वाचणं वेगळं भाऊ, तोंड दाबणं वेगळं."

पण दातारसर माझ्याकडे वळले तशा त्या मध्ये आल्या. "सर, पंगत कमी कर हे मीच सांगितलं. ताट ज्याचं त्याला, हे सांगायचं राहिलं. आमच्या खानावळीत ते सांगावं लागत नसे." अशी माणसं असतात, हे मी तोवर नुसतं ऐकून होतो.

मग बाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. ताटं पाच. ज्या हाताला जेवायचं त्याने एक स्वच्छ ताट घ्यायचं, शेवटच्या शितापर्यंत संपवायचं, घासून जागेवर ठेवायचं. तोवर दुसऱ्याने त्याला बोट लावायचं नाही.

"मॅडम, हात दहा आणि ताटं पाचच?"

"बाकीचे थांबतील की. थांबून कुणी उपाशी राहत नाही, पंगत दुसरी बसते."

त्या दोन ओळी मी त्यांच्यासमोर खोडल्या. तीन वाजता पुन्हा व्हरांड्यात पंगत बसली. आता दवाखान्यातले डॉक्टरही येऊन बसले होते. सात वेळा गजर झाला आणि सातही वेळा ज्याचं त्याला. पावणेचारला भामरेचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. "मॅडम, सायबाच्या स्क्रीनवर आलं! ढगेताई पास! दोनदा वाचलं मी, मोठ्यानं वाचलं! माल चढवून राहिलो!"

बाईंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "व्हयी गयं!" झालं रे झालं!

ज्याचा नापास रिपोर्ट होता त्या बागायतदाराला दातारसरांनी स्वतः फोन केला. बाकीचे पंधरा दिवसांचे रिपोर्ट आम्ही संध्याकाळपर्यंत ताडून पाहिले आणि जिथे घोळ निघाला तिथे फोन केले. संगीताताईंनी मात्र जिन्यात उभं राहून एकच फोन केला, दिराला. "भावजी, मशीन चुकलं व्हतं. म्या नाय. हां. गावात सांगितलं तसं हे पन सांगा." आणि वर मान करून बाईंकडे बघून हसल्या. डोळे भरलेले होते, दोघींचेही.

पगारबाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभ हॉटेलात करू, असं सर म्हणत होते, पण संगीताताईंनी ऐकलं नाही. जेवण माझ्या बागेत, म्हणाल्या. माझ्या बागेत, हे त्यांनी जरा ठासून म्हटलं.

आम्ही सगळे दिंडोरीला गेलो. छाटणी झालेली होती, मांडवाखाली सतरंज्या अंथरलेल्या. पत्रावळींना संगीताताईंचा नकार, घरातली आणि शेजारपाजारची स्टीलची ताटं गोळा केलेली. बाई सवयीने वाढायला भांडं उचलायला लागल्या, तर संगीताताईंनी ते हातातून काढून घेतलं, दंडाला धरलं आणि त्यांना पहिल्या पंगतीत, अगदी मधोमध बसवलं. बाई बसल्या. स्पोर्ट्स शूज काढून नीट जोडून ठेवलेले, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, अशा अवघडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दीर पुरणपोळीवर तूप वाढत होता.

माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली होती. ओळीच्या टोकाला एक ताट कमी पडलं. भामरे म्हणाला, "चालतंय हो, आपण दोघं एकातच बसू." मीही सरकून बसलो. सगळं वाढून झालं. गजर करायचा मान बाईंचा. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वाढप्याची जुनी नजर ओळीवरून फिरवली आणि ती आमच्यापाशी येऊन थांबली. मग मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"ए भाऊ! एका ताटात दोघं?"

सगळं ऑफिस हसत सुटलं. दातारसरांना तर ठसका लागला. संगीताताई धावत आत गेल्या, ताट विसळून, पदराने कोरडं करून घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. दिराने त्यात पोळी वाढली, तूप वाढलं. तोवर पन्नास माणसांची पंगत हात आवरून बसली होती. बाईंनी माझ्या ताटाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मगच गजर केला.